गरजेपुरती इंजेक्शनं की अंतर वाढवत जाणारी?

वेट मॅक्युलर डिजनरेशनचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात पाणी झिरपून नजर बिघडवणाऱ्या आजाराचं निदान झालं, महिन्याच्या अंतराने डोळ्यात पहिली तीन इंजेक्शनं झाली, पडद्यातलं पाणी ओसरलं. इथपर्यंत बहुतेकांचा रस्ता एकच असतो. फाटा फुटतो तो यानंतर, आणि तेव्हा डॉक्टर विचारतीलच असं नाही; बऱ्याचदा आपल्यालाच विषय काढावा लागतो.

गरजेपुरत्या पद्धतीत दर महिन्याला जायचं, पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन काढायचा, पाणी दिसलं तर इंजेक्शन, नाहीतर घरी. दुसरीला डॉक्टर 'ट्रीट अँड एक्स्टेंड' म्हणतात. तिच्यात जाल त्या दिवशी इंजेक्शन ठरलेलंच. मात्र डोळा कोरडा राहिला तर पुढची तारीख साधारण दोन आठवड्यांनी लांबवतात, पाणी दिसलं तर अलीकडे ओढतात. (हा 'कोरडा' शब्द फार घोळ घालतो. ड्राय मॅक्युलर डिजनरेशन वेगळं, अश्रू कमी पडून डोळा कोरडा होणं वेगळं, आणि इथे फक्त पडद्यात पाणी नाही एवढाच अर्थ.)

माझ्या उजव्या डोळ्याला पहिली पद्धत चौदा महिने चालली, दुसरी आता तिसऱ्या वर्षात आहे. औषध दोन्हीकडे तेच, टोचणारा हातही तोच. म्हणून तुलना बरी जमते असं मला वाटतं. अर्थात एकाच डोळ्याची.

पहिली पद्धत मी मागून घेतली होती. डोळ्यात सुई जितकी कमी वेळा जाईल तितकं बरं, हा सरळ हिशोब. तो अगदीच चुकीचाही नव्हता. त्या चौदा महिन्यांत सुरुवातीची तीन धरून मला सातच इंजेक्शनं लागली. सुईची भीती मात्र दुसऱ्या खेपेलाच गेली होती. भूल देणारे थेंब घातल्यावर नुसता दाब जाणवतो. खरा त्रास जंतुनाशक आयोडीनचा. संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत राहतं ते त्यामुळेच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कधी लाल डाग पडतो, तो बघणाऱ्याला घाबरवतो, आपल्याला दुखत नाही.

मग बिनसलं कुठे? 'आज टोचणार का?' या प्रश्नात.

हे वाचायला क्षुल्लक वाटेल. भेटीच्या आदल्या रात्रीपासून तो प्रश्न सुरू होतो. सकाळी बाहुली मोठी करणारे थेंब पडतात, पुढचे चार-पाच तास अक्षर दिसत नाही, उजेड सोसत नाही, म्हणून सोबतीला मुलगी रजा टाकून आलेली. स्कॅन होतो. बाकावर बसून आपण निकालाची वाट बघतो. पाणी नसेल तर सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा, पण मनात येतं, मशीनच्या नजरेतून काही निसटलं तर नाही? पाणी असेल तर सुई घ्यायला मनाची तयारी नसते, कारण सकाळपासून आपण ती टळावी म्हणूनच बसलेलो असतो. कोरडा निघालेल्या दिवशीही घरी येऊन मी दमून झोपायचो. सुया वाचल्या, भेट मात्र एकही वाचली नाही. गरजेपुरती म्हणजे कमी धावपळ असं मी समजलो होतो; ती पद्धत नीट पाळायची तर दर महिन्याला जावंच लागतं, आणि तिथेच तिचा कणा आहे.

अकराव्या महिन्यात स्कॅन स्वच्छ होता. साधारण अडीच आठवड्यांनी एका सकाळी डावा डोळा झाकून बघितलं तर दाराची चौकट मधोमध आत दबल्यासारखी दिसली. अॅम्स्लरची चौकोनांची जाळी कपाटाला चिकटवलेली होती, तिच्यावरही त्याच जागी रेघा वाकलेल्या. तेव्हाच फोन करायला हवा होता. मी नाही केला. पुढची तारीख जवळच आहे, बघतीलच तेव्हा, असं म्हणून थांबलो. ही चूक माझी, पद्धतीची नव्हे. पण दर महिन्याची तारीख ठरलेली असली की माणूस तारखेवर विसंबतो, हेही खरं. पाणी आलं होतं. इंजेक्शनने ते गेलं, चौकट सरळ झाली, तक्त्यावरची एक ओळ मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते अजून लक्षात आहे: या पद्धतीत औषध द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी आधी पाणी येऊ द्यावं लागतं. मी सुया मोजत होतो, मोजायला हव्या होत्या पाण्याच्या खेपा. कॅट या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनंतर दर महिन्याला टोचलेल्यांची नजर गरजेपुरत्यांपेक्षा तक्त्यावरच्या सरासरी अडीचेक अक्षरांनी सरस निघाली. फरक छोटाच. पण पडद्याची जाडी ज्यांच्यात जास्त वरखाली होत राहते त्यांची नजर मागे पडते, हेही त्यातल्या आकड्यांवरून पुढे दिसलं. कॅनडातल्या कॅनट्रीट अभ्यासात अंतर वाढवत नेणारे दोन वर्षांत दरमहावाल्यांच्या बरोबरीने राहिले, तेही सरासरी १८ च्या आसपास इंजेक्शनांत. दरमहावाल्यांना २३-२४ लागली होती.

दुसऱ्या पद्धतीत माझं अंतर चारवरून सहा, आठ, दहा आठवडे असं गेलं. बाराला पाणी डोकावलं, परत दहावर आलो, तिथेच आहे. सुया वाढल्या हे लपवण्यात अर्थ नाही. स्कॅनमध्ये एक थेंब पाणी नसताना डोळा पुढे करायचा, हे पहिल्या दोन-तीन खेपांना विचित्र वाटलं. प्रत्येक सुईबरोबर संसर्गाची शक्यताही येते. काही हजारांत एखाद्यालाच होतो, पण तो 'एखादा' कुणीतरी असतोच. काही डोळे सुरुवातीच्या इंजेक्शनांवर वर्षभर शांत राहतात म्हणतात. तसा डोळा असेल तर या पद्धतीत त्याला विनाकारण टोचलं जाईल, आणि अशा माणसाला पहिलीच पद्धत योग्य असं मी म्हणेन. फक्त आपला डोळा तसला आहे का, हे आधी कळायला वाव नसतो.

बदल झाला तो मधल्या दहा आठवड्यांत. तारीख माहीत, त्या दिवशी काय होणार तेही माहीत. मुलगी वर्षाच्या पाच रजा आधीच लिहून ठेवते. स्कॅन आताही होतो, पण त्याच्यावर आजचा दिवस ठरत नाही, पुढची तारीख ठरते. त्यामुळे बाकावर बसून मी चक्क डुलकी काढतो.

औषध कुठलं, हा वेगळा वाद आहे. बेव्हॅसिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं, डोळ्यात ते मूळ परवान्याबाहेर वापरतात, आणि कॅटमध्ये ते खास डोळ्यासाठीच बनवलेल्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. फॅरिसिमॅबसारख्या नव्या औषधांवर काहींचं अंतर १६ आठवड्यांपर्यंत जातं. डॉक्टर ते सुचवत असतील तर विचारात घ्या. अंतर वाढवण्याची पद्धत तिथेही तीच.

डाव्या डोळ्यात अजून फक्त ड्रुसेन, म्हणजे पडद्याखाली साचणारे पिवळसर ठिपके आहेत, मधल्या टप्प्यातले. त्याच्यासाठी एरेड्स-२ च्या (जीवनसत्त्वं आणि जस्त असलेल्या) गोळ्या चालू आहेत. जाळी अजून कपाटावरच आहे. सकाळी एकेक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून बघतो. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं पाप झाकतो. आणि हॉस्पिटलचा नंबर आता जाळीच्या खालीच मोठ्या अक्षरात लिहिलाय. रेघ वाकली तर त्याच दिवशी फोन, तारीख परवाची का असेना.