ब्रेकर मोरंट: दुसऱ्यांदा बघितला आणि घोळ झाला

ब्रूस बेरेसफोर्डचा १९८० चा ऑस्ट्रेलियन पिक्चर. पहिल्यांदा बघताना आपण किती सहज गंडलो होतो ते काल परत बघताना कळलं.

काळ बोअर युद्धाचा, म्हणजे ब्रिटिश विरुद्ध बोअर (तिथले डच वंशाचे वसाहतवाले), जागा दक्षिण आफ्रिका. ब्रिटिशांकडून लढणारे तीन लेफ्टनंट, मोरंट, हँडकॉक आणि विटन, यांच्यावर बोअर कैदी आणि एक जर्मन मिशनरी मारल्याचा खटला. वकील कोण, तर गावाकडे मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद करणारा मेजर थॉमस, आणि तयारीला एक दिवस!

जॅक थॉम्पसनने हा वकील असला भारी केलाय की दर उलटतपासणीला आपण मनात टाळ्या वाजवतो, त्यात वर ब्रिटिश सरसेनापती किचनरला तह करायचाय, जर्मनी मधे पडायला नकोय, म्हणून कुणाचा तरी बळी द्यायचाय हे दिसत असतं, मग आपला सगळा राग तिकडेच जातो. पण कैदी मारले हे कुणी नाकारतच नाहीये ना! कुठल्या नियमाने मारलं विचारल्यावर मोरंट भडकून ३०३ नंबरचा नियम सांगतो, म्हणजे रायफलीचं कॅलिबर. हा डायलॉग मला जाम आवडला होता. काल कसंतरीच झालं, कारण मारलेला व्हिसर हा पकडलेला कैदी होता आणि राग कशाचा, तर त्याच्या अंगावर मोरंटच्या मेलेल्या दोस्ताचा, कॅप्टन हंटचा कोट होता.

वरून हुकूम होता हा सगळा बचाव. पुढे न्युरेंबर्गला, नाझींवरच्या खटल्यांत, तो चालला नाही, पण इथे ऐकताना पटतो, हीच पिक्चरची ताकद आणि लबाडीपण. मिशनऱ्याचं प्रकरण तर कहर आहे, वकील जीव तोडून लढतोय आणि हँडकॉकने खरं काय ते त्यालाच सांगितलेलं नाही.

तक्रार एकच, पण मोठी. बोअरांना चेहराच नाही, काळ्या आफ्रिकनांना तर त्याहून नाही. ब्रिटिशांच्या छावण्यांत २५ हजारांवर बोअर बायका-मुलं मेली, त्याचं इथे जेमतेम काही येतं.

शेवटी २७ फेब्रुवारी १९०२ ची पहाट, मोरंट आणि हँडकॉक एकमेकांचा हात धरून, गोळ्या घालायला मांडलेल्या खुर्च्यांकडे चालत जातात. दोन्ही वेळा डोळ्यात पाणी आलं, दुसऱ्या वेळी स्वतःचाच राग आला.