बुलिंग रोखायचं स्टाफ ट्रेनिंग: साडेतीन स्टार, त्यातला निम्मा मान मावशींचा

आमच्या शाळेत दोन दिवसांचं अँटी बुलिंग ट्रेनिंग झालं, त्याबद्दल लिहितेय. पहिली सकाळ सोडूनच द्या, नुसत्या स्लाइड्स, मागे बसून दोघीजणी गुपचूप पेपर तपासत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.

जेवणानंतर मात्र ट्रेनर बाई रंगात आल्या. साधं भांडण वेगळं आणि बुलिंग वेगळं, हे नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी नीट मांडलं (१९८३ साली तिथे देशभर शाळांमधून मोहीम सुरू झाली ती त्यांच्याच कामावर), बुलिंग म्हणजे मुद्दाम केलेलं, परत परत होणारं आणि समोरचा ताकदीत कमी पडतो असं. मग त्या म्हणाल्या, असं असेल तर दोघांना समोरासमोर आणून समेट घडवू नका, आणि मी खुर्चीत जरा चुळबुळले, कारण इतकी वर्षं मी तेच करत आलेय, दोघांना उभं करायचं, सॉरी म्हण, हात मिळवा, चला वर्गात. जो आधीच घाबरलाय तो त्याच्यासमोर काय बोलणार हो, "काही नाही टीचर, मस्करी चालली होती" एवढंच ना! वेगवेगळं बोलवायचं, एवढं एक शिकले तरी माझे दोन दिवस वसूल.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या किवा या बुलिंग रोखायच्या प्रोग्रॅमबद्दल पण सांगितलं, त्यात मोठा भर बघ्या मुलांवर असतो, जी हसतात, चिथावतात किंवा गप्प राहतात. रोल प्लेमध्ये मला हसणाऱ्या मुलीचा रोल आला आणि सगळे हसतायत म्हणून मी खरंच हसले, नंतर जरा वाईटच वाटलं.

पण सगळ्यात भारी म्हणजे नकाशा. शाळेचा नकाशा भिंतीवर लावला आणि जिथे त्रास होतो असं वाटतं तिथे लाल टिकल्या लावायला सांगितल्या. आम्ही शिक्षकांनी मैदानावर लावल्या, शिपाई मावशी उठल्या आणि सरळ वरच्या मजल्याच्या टॉयलेटबाहेर तीन टिकल्या लावून आल्या, बसवाल्या काकांनी विचारलं बस नकाशात नाही मग मी कुठे लावू? आम्हाला यातलं काही माहीतच नव्हतं आणि त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे बुक करणार असाल तर फक्त टीचर्ससाठी करू नका, सगळ्यांना बसवा.

मोबाइलच्या ग्रुपवर जे चालतं त्याला शेवटची वीस मिनिटं दिली, ती पण घाईत. आणि तीन महिन्यांनी एकदा परत येऊन बघाल का विचारलं तर त्याचं म्हणे वेगळं पॅकेज आहे. एक स्टार त्याचा कापला, अर्धा स्लाइड्सचा.