'क्लूलेस' की 'टेन थिंग्ज': अकरावीच्या मुलांना कोणता चित्रपट दाखवावा?

अभिजात इंग्रजी साहित्याकडे मुलांना वळवण्यासाठी एखादा चित्रपट दाखवू पाहणाऱ्या मुंबईतल्या शिक्षक-पालकांपुढे बहुधा हीच दोन नावे येतात. दोन्ही साधारण दीड तासाचे, दोन्ही अमेरिकी शाळेत घडणारे आणि दोन्ही आजही ताजे वाटणारे. त्यामुळे निवड करताना मी एकच कसोटी लावते: मूळ कृतीतली जी जागा आजच्या वाचकाला सर्वाधिक बोचते, तिचे चित्रपटाने काय केले?

एमी हेकरलिंग यांचा 'क्लूलेस' (१९९५) जेन ऑस्टिनच्या 'एमा' या १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर बेतलेला आहे. कादंबरीत बॉक्स हिलच्या सहलीत एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सचा चारचौघांत पाणउतारा करते आणि त्याबद्दल तिचे जुने स्नेही मिस्टर नाइटली तिची कानउघाडणी करतात. चित्रपटात मिस बेट्स नाही. पण घरी काम करणाऱ्या लूसीला माळ्याशी बोलायला सांगताना 'मला मेक्सिकन बोलता येत नाही' असे नायिका शेर सहज म्हणून जाते, लूसी दुखावून तिथून निघून जाते, आणि ती एल साल्वादोरची आहे हे शेरला तिच्या पूर्वीच्या सावत्र भावाकडून, जॉशकडून, ऐकावे लागते. मग काय झाले, असे विचारणाऱ्या शेरला तो वेगळा देश आहे हेही त्यालाच सांगावे लागते. वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या मावशींचे गाव कोणते, हे ज्यांनी कधी विचारलेले नाही, अशा आपल्या मुलांना हा प्रसंग उलगडून सांगावा लागत नाही. ऑस्टिनची बोचरी जागा इथे शाबूत आहे.

गिल जंगर यांच्या 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू'ने (१९९९) नेमका उलटा मार्ग धरला आहे. त्याचा आधार असलेले शेक्सपिअरचे 'द टेमिंग ऑफ द श्रू' मराठी रंगभूमीला वा. बा. केळकरांच्या 'त्राटिका'मुळे जुन्या ओळखीचे आहे. नाटकात पेट्रुकिओ आपल्या पत्नीला, केटला, उपाशी ठेवून, झोपू न देऊन नमवतो आणि शेवटी तीच पत्नीच्या आज्ञाधारकपणावर लांबलचक भाषण करते. चित्रपटात हा छळ नाही. भाषणाच्या जागी चित्रपटाची नायिका कॅट स्वतः लिहिलेली कविता वर्गात वाचते आणि वाचता वाचता तिला रडू फुटते, तेव्हा तिच्याशी जवळीक करण्यासाठी पैसे घेतलेला पॅट्रिक त्याच वर्गात बसलेला असतो. ज्युलिया स्टाइल्सने हा प्रसंग फार मनापासून केला आहे. तरीही नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न चित्रपटाने बाजूलाच ठेवला आहे, हे नाकारता येत नाही.

हिंदी हवेच असेल, तर दिल्लीत घडणारा 'आयशा' (२०१०) हेही 'एमा'चेच रूपांतर आहे. पण त्यात कपडे आणि खरेदी यांनाच इतकी जागा मिळाली आहे की नायिकेची चूक मनाला लागत नाही.

म्हणून चित्रपटानंतर कादंबरी हातात द्यायची असेल, तर मी 'क्लूलेस'च सुचवेन. 'टेन थिंग्ज' दाखवायचा तो नाटकाचा शेवटचा अंक वर्गात वाचून घेण्याची तयारी असेल तरच. तशी तयारी असलेल्या वर्गात मात्र केटचे भाषण आणि कॅटची कविता यांवर होणारी चर्चा 'क्लूलेस'वरच्या चर्चेपेक्षा रंगेल. दोन्हींत दारूच्या पार्ट्या आहेत, आणि 'क्लूलेस'मधली शेर ज्याच्या प्रेमात पडते तो जॉश तिच्या वडिलांच्या आधीच्या पत्नीचा मुलगा आहे, तेव्हा शिक्षकांनी चित्रपट आधी स्वतः पाहून घ्यावा.