चेहऱ्याच्या लालीवर ब्रिमोनिडीन की ऑक्सिमेटाझोलिन?

रोझेशिया या चेहऱ्याच्या त्वचेच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात गाल, नाक आणि कपाळावर जी कायमची लाली बसते, तिच्यासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध अमेरिकेत 2013 पर्यंत नव्हतं. मेट्रोनिडाझोल, अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड यांनी पुरळ उतरायचं, मागची लाली बरीचशी तशीच राहायची. ऑगस्ट 2013 मध्ये ब्रिमोनिडीनचं 0.33 टक्के जेल (मिर्वासो) आलं आणि जानेवारी 2017 मध्ये ऑक्सिमेटाझोलिनचं 1 टक्का क्रीम (ऱ्होफेड). दोन्ही रेणू जुने आहेत. पहिला काचबिंदूच्या थेंबांतला, दुसरा चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या थेंबांतला. दोन्ही त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतात. असर संपला की वाहिन्या पुन्हा फुलतात, त्यामुळे दोन्हींचा उपयोग त्या दिवसापुरताच.

जोर ब्रिमोनिडीनचा जास्त. अर्ध्या तासात लाली उतरू लागते आणि 3 ते 6 तासांच्या दरम्यान सर्वांत कमी असते. मंजुरीआधीच्या दोन चाचण्यांत, डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मते लाली तीव्रतेच्या मोजपट्टीवर दोन पायऱ्यांनी उतरली, असे लोक 29व्या दिवशी, जेल लावल्यावर 3 तासांनी, 31 आणि 25 टक्के होते. औषध नसलेल्या जेलवर 11 आणि 9. ऑक्सिमेटाझोलिनचे 6 तासांनंतरचे आकडे 16 आणि 13, नुसत्या क्रीमवर 8 आणि 5. या चाचण्या वेगवेगळ्या लोकांवर झाल्या, म्हणून आकडे थेट एकमेकांसमोर ठेवू नका. अंदाज मात्र येतो.

तरीही रोजच्या वापरासाठी आम्ही ऑक्सिमेटाझोलिन आधी सुचवू, आणि त्याचं कारण उलटून येणारी लाली. ब्रिमोनिडीनचा असर ओसरताना काहींचा चेहरा आधीपेक्षा लालबुंद होतो, आग होते. काहींना हे लावल्यावर काही तासांतच होतं, कधी लाली मान आणि छातीपर्यंत उतरते. दुसरी अडचण उलट दिशेची: जेल लावलेला भाग पांढराफटक पडतो आणि शेजारची न लावलेली त्वचा उठून दिसते. ऑक्सिमेटाझोलिनमध्येही लाली उलटू शकते, पण चाचण्यांत ते फार थोड्यांना झालं.

ब्रिमोनिडीनच घ्यायचं असेल तर पहिला आठवडाभर अगदी थोडं लावा, मग हळूहळू वाढवा. पूर्ण मात्रा म्हणजे कपाळ, हनुवटी, नाक आणि दोन्ही गाल यांना प्रत्येकी वाटाण्याएवढं, दिवसातून एकदाच, एकूण 1 ग्रॅमच्या आत. डोळे आणि ओठ टाळून पातळ, एकसारखं पसरवा. कमीजास्त लागलं तर पांढरे पट्टे उठतात. वाळल्यावरच सनस्क्रीन किंवा मेकअप. लाली उलटली तर वरून पुन्हा जेल लावू नका. बंद करा, गार पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा वापरण्याचं हे औषध नव्हे.

ऑक्सिमेटाझोलिनला संपूर्ण चेहऱ्यासाठी मिळून एकच वाटाणा पुरतो. पंपाची बाटली असेल तर पहिल्या वापराआधी तीन दाब टाकून द्या. सोललेल्या किंवा चिडलेल्या त्वचेवर दोन्ही नकोत. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा एमएओ इनहिबिटर गटातली नैराश्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑक्सिमेटाझोलिनला अरुंद कोनाच्या काचबिंदूचीही अडचण आहे. ट्यूब लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ब्रिमोनिडीनच्या चाचणीदरम्यान जेल चुकून पोटात गेल्याने मुलांना गंभीर त्रास झाला होता.

स्पष्ट दिसणाऱ्या लाल केशवाहिन्यांवर यातलं कुठलंच चालत नाही, तिथे लेसर. पुरळही असेल तर आयव्हरमेक्टिन किंवा मेट्रोनिडाझोल वेगळं लागतं.

नाकाचे थेंब चेहऱ्यावर चोळण्याचा जुगाड करू नका. त्यांत ऑक्सिमेटाझोलिन साधारण 0.05 टक्के, म्हणजे क्रीमच्या विसाव्या हिश्शाएवढंच असतं. आणि आपल्याकडे गोरेपणाच्या नावाखाली स्टेरॉइडची मिश्र क्रीम महिनोन्‌महिने लावून आलेली लाली यांपैकी कशानेही झाकू नका. त्या क्रीमची सवय कशी सोडवायची, हे आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.