विषयोगाच्या नावाखाली ताईचे दोन लाख गेले

माझ्या भाचीच्या पत्रिकेत दशमस्थानी, म्हणजे दहाव्या घरात, कुंभ राशीत शनी आणि चंद्र एकत्र आहेत. या जोडीला विषयोग म्हणतात आणि ती अशुभ मानतात. एवढ्या भांडवलावर एका गुरुजींनी माझ्या थोरल्या बहिणीकडून दोन लाखांच्या वर रक्कम उकळली. त्याहून वाईट म्हणजे पोरीची दोन चांगली स्थळं हातची घालवली. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अर्ज दिलेला आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण लग्नाची मुलं असलेल्या घरांवरच या लोकांचा डोळा असतो.

सुरुवात ५०० रुपयांपासून झाली. ताईने मुलीची जन्मवेळ व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि गुरुजींनी भेटायला बोलावलं. भाऊजी अकाली गेले, हे तिनेच पहिल्या भेटीत बोलता बोलता सांगितलं. पुढच्या भेटीत तेच "पत्रिकेत स्पष्ट दिसतंय" म्हणून तिला ऐकवलं गेलं. मग कागदावरच्या 'श' आणि 'चं' या अक्षरांभोवती लाल पेनाने गोल काढून गुरुजी म्हणाले, "हा विषयोग. वरून साडेसातीचा मधला टप्पा. शांत केल्याशिवाय लग्न लावलंत तर जावयाच्या जिवावर बेतेल." साडेसाती खरीच होती, कारण जानेवारी २०२३ मध्ये शनी कुंभेत, म्हणजे भाचीच्या चंद्रराशीत, आला होता. आणि जिचं स्वतःचं कुंकू गेलंय, तिला जावयाचं भय घातल्यावर ती काय करणार?

शांतीचे २१ हजार. नीलमाचा खडा ६५ हजारांचा. मग अनुष्ठान, सव्वा लाखाचं, तीन हप्त्यांत. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच नावाच्या खात्यावर मागवले. "घरात कुणाला बोलू नका, फळ जातं," ही ताकीद होतीच. अनुष्ठान पुरं होईपर्यंत स्थळं बघायची नाहीत, म्हणून आलेल्या दोन्ही घरांना ताईने नकार कळवला. त्यातल्या एका मुलाशी भाचीचं चांगलं जुळत होतं.

मला हे कळलं ते तिने मोडायला काढलेल्या पाटल्यांमुळे. आमच्या आजोबांना पंचांगाचा चांगला अभ्यास होता. त्यांच्या हाताखाली पत्रिका मांडायला मी शिकलो आणि मी पत्रिका मानतोही. म्हणूनच तो कागद हातात घेतल्यावर संताप आवरेना.

भाचीचा जन्म १९९४ च्या संक्रांतीच्या सुमाराचा, दुपारचा, वृषभ लग्नावर, म्हणजे त्या वेळी पूर्वेला वृषभ रास उगवत होती. ग्रहस्पष्टाच्या, म्हणजे ग्रहांच्या नेमक्या अंशांच्या, रकान्यात शनी कुंभेच्या पाच अंशांच्या आत, धनिष्ठा नक्षत्रात. चंद्र बावीस अंशांच्या पुढे, पूर्वाभाद्रपदात. मधे आख्खं शततारका नक्षत्र पडलेलं. राशी एक असली तरी अंतर सतरा अंशांच्या वर. युतीचं, म्हणजे दोन ग्रह एकत्र येण्याचं, बळ अंशांवरून जोखतात, हे कोणताही जाणता ज्योतिषी सांगेल. सॉफ्टवेअर मात्र दोन ग्रह एका घरात दिसले की योगाचं नाव छापून मोकळं होतं, आणि गुरुजींनी तेच पान वाचून दाखवलं होतं.

पुढचं तर त्यांनी सांगितलंच नाही. कुंभ ही शनीची स्वराशी, मूलत्रिकोण, म्हणजे विशेष बळाची, राशीही तीच. वृषभ लग्नाला शनी भाग्येश आणि दशमेश, म्हणजे नवव्या आणि दहाव्या घराचा स्वामी, म्हणून योगकारक, शुभ फळ देणारा. तो केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात, स्वराशीत बसला की पंचमहापुरुष योगांपैकी शश हा शुभ योग होतो. शिवाय तुळेतल्या गुरूची पाचवी, शुभ मानली जाणारी दृष्टी थेट या शनी-चंद्रावर. ज्या शास्त्रात विषयोग आहे, त्याच शास्त्रात हेही आहे. भीतीचं तेवढं दाखवून आधाराचं सगळं लपवणं याला मी भाकीत म्हणणार नाही, ही फसवणूक आहे. रत्नशास्त्रात नीलम शनीचं बळ वाढवण्यासाठी देतात. मग शनीच चंद्राला विष देतोय म्हणणारा माणूस नीलम कसा काय गळ्यात मारतो?

तो खडा मी ओळखीच्या सराफांकडे नेला. त्यांनी भिंगाखाली धरला आणि मलाही बघायला लावलं. आत बारीक गोल बुडबुडे होते. काच! पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं.

चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, म्हणजे दर महिन्याला तो एकदा शनी ज्या राशीत असेल तिच्यातून जातोच. त्या दिवसांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत ही जोडी असणार. ढोबळमानाने बारांतल्या एकाच्या. त्या सगळ्यांचे जावई आणि नवरे मरत नाहीत, हे ताईला समजावताना माझा गळा दाटून आला होता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

म्हणून सांगतोय. तुमच्या घरी कुणी युतीवर बोट ठेवून घाबरवत असेल, तर दोन्ही ग्रहांचे अंश विचारा, राशीस्वामी विचारा, गुरूची दृष्टी आहे का विचारा, आणि तीच पत्रिका कहाणी न सांगता दुसऱ्या जाणकाराला दाखवा. खडा घ्यायचाच असेल तर आधी तपासून घ्या, पैसे नंतर. घरच्यांपासून लपवायला सांगितलं की तिथेच उठा.

आणि पैसे गेले असतील तर रागाच्या भरात मेसेज पुसू नका. आमच्याकडे एकही पावती नव्हती. अर्जाला जोडता आले ते बँकेचे उतारे, खड्याचा अहवाल आणि गुरुजींचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडकवून धरण्याची शक्यता जास्त. ताईचा फोन लागेपर्यंत ती खाती रिकामी झालेली होती.