हातातली गोळी कोणती? रबर, ब्रेल, टॅग की फोन

दिसत नसेल तर हातातली गोळी ओळखायला औषधावर स्वतःची खूण लागते. पण पुण्यात मेडिकलमध्ये स्ट्रिप सर्रास कापून मिळते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी दुसऱ्यावर. म्हणून पद्धत कोणतीही निवडा, पूर्ण स्ट्रिप खोक्यासकट मागा आणि खूण काउंटरवरच करून घ्या.

तीन-चारच औषधं असतील तर रबरबँड पुरतो. दिवसातून जितक्या वेळा घ्यायचं तितके रबर. दोन औषधांच्या वेळा सारख्या निघाल्या की मात्र हे गणित फसतं. मग एकाच्या खोक्यावर फोमची जाड टिकली चिकटवा. साधं रबर पुण्याच्या उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतं. तुळशीबागेतले केसांचे बारीक कापडी रबर जास्त टिकतात.

ब्रेल सर्वांत नेमकं, पण वाचणाऱ्यालाच. मधुमेहाने नजर गेलेल्यांची बोटंही अनेकदा बधिर झालेली असतात. त्यांना ठिपके जाणवत नाहीत, त्यामुळे उतारवयात ब्रेल शिकवण्याचा आग्रह इथे व्यर्थ. येत असेल त्याने जाड ड्रॉइंग पेपरच्या तुकड्यावर ब्रेलच्या पाटीने (ठिपके उठवायची खाचांची चौकट) नावाची पहिली चार-पाच अक्षरं आणि ताकद लिहावी, आणि तो रबराने स्ट्रिपला बांधावा. वरून सेलोटेप दाबून लावली तर ठिपके चपटे होतात. युरोपात २००४च्या निर्देशानंतर औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे सुटी स्ट्रिप घेणाऱ्याच्या हाती खोकाच येत नाही.

एनएफसी टॅग म्हणजे छोटी चिप असलेला स्टिकर. त्याला फोन टेकवला की त्यात लिहिलेलं फोन बोलून दाखवतो. स्वस्तातल्या ‘एनटॅग २१३’ प्रकारच्या टॅगमध्ये १४४ बाइट मावतात. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाइट खातात, म्हणजे जेमतेम चाळीसेक चिन्हं. ‘रक्तदाब, सकाळी १’ एवढंच लिहा. साधा टॅग स्ट्रिपवर चालत नाही, अॅल्युमिनियमची फॉइल त्याला गप्प करते. तो खोक्यावर किंवा डबीवर लावा.

सीइंग एआय, लुकआउट ही कॅमेऱ्यातून मजकूर वाचून दाखवणारी फोनवरची अॅप फुकट आहेत, पण ती पडताळणीपुरतीच बरी. स्ट्रिप गडद, न चमकणाऱ्या कापडावर सपाट ठेवा, दिवा बाजूला, फोन वीतभर वर. तरी शाईविना नुसती ठोकलेली एक्स्पायरी कॅमेऱ्याला बहुधा दिसतच नाही. ०.५ मधला बिंदू गळून ५ वाचलं जाणं, ‘टेल्मिसार्टन ४०’ आणि ‘४० एच’ यांतला एच (म्हणजे गोळीत आणखी एक औषध आहे) सुटणं, हे धोके वेगळेच. भारतात १ ऑगस्ट २०२३पासून औषधांच्या ३०० ब्रँडना बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे. त्यात नाव, बॅच, एक्स्पायरी असते, कधी घ्यायचं ते नसतं. स्ट्रिपवर जागा नसेल तर तो खोक्यावर छापतात, म्हणजे पुन्हा खोका हवाच.

इन्सुलिनच्या दोन पेनांसाठी फोनवर विसंबू नका. जेवणाआधीच्या पेनाला रबर घाला, आणि तो टोपणाला नाही, पेनाच्या अंगाला. टोपणं अदलाबदल होतात.