'फास्टर फेणे' की 'शाळा': कुणाला कोणतं सुचवावं?

भा. रा. भागवतांचा बन्या ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. गोष्टी सुट्या, क्रम चुकला तरी बिघडत नाही. वाचनाची सवय सुटलेल्या सहावी-सातवीतल्यांना हेच द्या. नववीतल्याला मात्र बन्याचं तोंडानं काढलेलं ते 'टॉक्' बालिश वाटू शकतं.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीची, मुकुंद जोशीच्याच तोंडून सांगितलेली. गडबड होते ती वयाची. लहान मुलाला दिली, तर मुकुंदला आवडणाऱ्या शिरोडकरपलीकडचं काहीच पोचत नाही, वर शिव्या दिसल्या की घरचे पुस्तक काढून घेतात (स्वतः वाचत बसतात ते वेगळं!). चौदाच्या पुढे बिनधास्त सुचवा, पण त्यावरच्या सिनेमाआधी.

पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात घ्यायला गेलात, तर मुलाला पहिली 10 पानं तिथंच चाळू द्या. मान वर झाली नाही, तरच पैसे काढा.